लाइट यायच्या आधी

मे महिन्यात अक्कलकोट रोडला
भावाच्या नव्या शेडचा पाया खणताना
दोन हात खाली एक बेडूक निघाला.
मातीच्याच रंगाचा, लिंबाएवढा,
पाय पोटाशी, डोळे मिटलेले.
वर चव्वेचाळीस. डांबर चपलेला चिकटत होतं.

गवंडी म्हणाला, मेलाय.
मी तळहातावर घेऊन बोट टेकवलं.
सवय आहे. इस्पितळात पंपावर बसते मी:
माणसाचं हृदय थांबवलं
की त्याच्या वाटचं काम करणारं यंत्र चालवते.

बराच वेळ काही नाही.
मग एक ठोका.
गवंड्यानं तंबाखू मळली, झटकली, तोंडात टाकली,
तेव्हा दुसरा.

कुंपणाबाहेर, बाभळीखाली
परत पुरला त्याला.

*

राजमल्लू येमूल, वय एकसष्ट, विडी घरकुल.
छत्तीस वर्षं चादरीच्या मागावर,
एक कान खडखडाटानं नेलेला.
तीन नळ्या बुजलेल्या.

आदल्या रात्री विचारलं त्यानं,
"बंद करणार म्हणजे पूर्ण बंद?"
हो म्हटलं. थंड करतो, पोटॅशियम देतो, थांबतं.
"बंद व्हायला काय," तो म्हणाला,
"लाइट गेली की माग आपोआप थांबतो.
पण खटका पाडून ठेवावा लागतो, मॅडम,
लाइट यायच्या आधी.
नाहीतर ती येते एकदम,
धोटा अर्ध्यात अडकलेला,
अन् एका हिसक्यात ताण्याचे शंभर धागे खलास.
गेल्यानं काय होत नाही. आल्यानं होतं."

जाड पुस्तकात याला लांबलचक नाव आहे.
परीक्षेत मी ते दोन पानं लिहिलं होतं.
रक्त अडल्यावर मरतं ते मरतंच;
ते धावत परत येतं
तेव्हा आणखी मरतं.

*

थंड मुलखात बिळात राहणारी एक खार असते.
जागेपणी तिचे ठोके मिनिटाला तीनशे,
झोपली की पाच.
रक्त माठातल्या पाण्याहून गार,
तरी ताल चुकत नाही.
आपलं हृदय इतकं गार झालं
तर नुसतं थरथरत राहतं,
ओंजळीत धरलेल्या चिमणीसारखं.

ती झोपण्याआधीच खटका पाडते.
साखर बाजूला ठेवून चरबीवर चालते,
कॅल्शियमला दाराशीच अडवते.
आणि उठायचं तेव्हा तास-दोन तास कुडकुडत उठते,
घरातला एकेक दिवा लावत गेल्यासारखी.
हिवाळ्यात असं कितीदा तरी.
वसंतात पाहावं तर हृदयावर ओरखडा नाही.

आपल्याला हे येत नाही.
म्हणून बर्फ, म्हणून पंप, म्हणून मी.

*

नऊ चाळीसला चिमटा लागला.
पडद्यावरची रेघ आडवी झाली.
बाहेर बाकावर त्याची बायको नरसम्मा,
हातात ना पान ना तंबाखू,
बोटं मात्र विड्या वळत होती.
हजाराचा हिशेब असेल.

सत्तावन्न मिनिटं.
मग मी रक्त गरम करत नेलं, हळूहळू.
तीस. एकतीस. बत्तीसला थांबले जरा.
तेव्हा मला बेडूक आठवला
असं लिहिलं तर खोटं होईल;
मी नळीतले बुडबुडे बघत होते.

चिमटा सुटला.
हृदय थरथरलं. एक झटका द्यावा लागला.
मग एक ठोका.
मग बराच वेळ,
निदान मला तो बराच वाटला.
मग दुसरा.

*

तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "किती तुटले?"
थोडे, म्हटलं. रिपोर्टही तेच सांगत होता.
"थोडे गाठ मारून चालतात,"
म्हणाला, आणि शेंगाचटणी मागितली.
नाही मिळाली.

शेड उभी राहिली. पत्रे चढले.
चोवीस माग, बोलायचं तर ओरडून.
मी अधूनमधून जाते.
बाभळीपाशी दोनदा थांबले.
उकरून बघावं, असं वाटलं.
उकरलं नाही.